विहिरीवरच्या मोटारीत पाणी का भरतात? इंजिनिअरिंगच्या इंटरव्ह्यूची तयारी, मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी

संभाजीनगरजवळच्या वाळूजला, एमआयडीसीत, इंटरव्ह्यू घ्यायला बसलो होतो. समोर जिंतूरकडचा मेकॅनिकलचा पोरगा. बर्नोलीचं समीकरण (वाहत्या पाण्याचा दाब आणि वेग यांचं) त्याने घडाघडा म्हणून दाखवलं, अटींसकट. मग शेजारी बसलेल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी विचारलं, "घरी विहीर आहे का?"

"आहे सर."

"मोटार चालू करायच्या आधी तिच्यात पाणी का भरता?"

पोरगा गप्प. वर्षानुवर्षं कळशीनं ते पाणी त्यानंच भरलेलं असणार. शेवटी म्हणाला, "वडील सांगतात म्हणून."

मला हसू आलं नाही, कारण २००९ साली माझंही असंच झालं होतं. मंदीचे दिवस होते, कॅम्पसला आलेल्या कंपन्या परत गेल्या होत्या आणि मी गाइडमधले दोनशे प्रश्न पाठ करून एका कारखान्यात गेलो होतो. तिथे मला घरच्या ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलबद्दल विचारलं. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, हे मी डोळ्यांनी रोज पाहिलेलं. तोंडातून मात्र एक वाक्य निघेना. त्यानंतर सात-आठ ठिकाणी नापास झालो, मग नोकरी लागली, आणि आता गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसतो. फ्रेशरकडून ज्ञानाचा डोंगर कुणालाच नको असतो. ज्या गोष्टीला तुमचा हात लागलाय ती तुम्हाला कळलीय का, आणि कळलेलं सांगता येतं का, एवढंच तपासतात. शेतकऱ्याच्या, मिस्त्रीच्या, गॅरेजवाल्याच्या पोराचा हात खूप गोष्टींना लागलेला असतो. पण इंटरव्ह्यूला जाताना तो तेवढंच नेमकं घरी ठेवून येतो.

अर्ज कुठे करायचा

संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी किंवा नांदेडचं एसजीजीएस अशा कॉलेजात असाल तर कंपन्या दारात येतात. बाकीच्यांना दारोदार फिरावं लागतं, आणि फिरण्याआधी नकाशा डोक्यात पाहिजे. बजाजचा कारखाना १९८५ला वाळूजला आला, तेव्हापासून तिकडे दुचाकी-तीनचाकीचे सुटे भाग करणारे पुरवठादार आहेत: कास्टिंग, मशीनिंग, प्रेस शॉप, रबर, प्लास्टिक. जालना रोडला चिकलठाणा आणि पुढे शेंद्रा; स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात. पैठण रोडला बिडकीन, जिथे एथर आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी २०२४ मध्ये कारखाने काढायचं जाहीर केलं. जालन्याला स्टीलच्या भट्ट्या, रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या. लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना. कॉम्प्युटरवाल्यांची वाट बहुतेक पुण्याकडे जाते.

ओळखीनं बायोडाटा पोचवण्यात लाज वाटू देऊ नका. तुमच्या तालुक्याचा कुणीतरी कुठल्यातरी कारखान्यात सुपरवायझर असतोच. त्यानं बायोडाटा एचआरच्या टेबलावर ठेवला की तुम्हाला आत बोलावतील, पुढचं तुमचं तुम्ही. अॅप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. १९६१च्या कायद्याखाली ती वर्षभराची अॅप्रेंटिसशिप धरता येते, स्टायपेंड मिळतो, अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं. पण वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. हे आधीच कळलेलं बरं, म्हणजे दहाव्या महिन्यापासून दुसरीकडे अर्ज सुरू होतात.

बायोडाटा

एक पान. फ्रेशरला दुसरं पान लागत नाही. वरती नाव, मोबाइल आणि धड ईमेल. कॉलेजच्या पहिल्या वर्षी काढलेला "किंग" किंवा "रॉयल" असलेला ईमेल आता सोडा. मग डिग्री, टक्के किंवा सीजीपीए, पास झाल्याचं वर्ष. मग प्रोजेक्ट, ट्रेनिंग, आणि खरोखर येणारी सॉफ्टवेअर.

"खरोखर" या शब्दापाशी अडखळा. एकदा एका पोरीनं ऑटोकॅड, कॅटिया, सॉलिडवर्क्स, अॅन्सिस, सगळं लिहिलं होतं. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "हा पाण्याचा ग्लास आहे, याचे फर्स्ट अँगलमध्ये तीन व्ह्यू काढा." तिला टॉप व्ह्यू वर काढायचा की खाली, हेच आठवेना. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतो, म्हणजे वरून दिसणारं चित्र खाली येतं. चारपैकी तीन नावं तिनं लिहिली नसती तर हा प्रश्न आलाच नसता. बायोडाटातली प्रत्येक ओळ म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण आहे.

बॅकलॉग असेल, इयर डाउन असेल, बारावीनंतर एक वर्ष मोकळं गेलं असेल, तर लपवू नका. मार्कलिस्टवर तारखा असतात. कारण एका वाक्यात सांगा, "एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला, तिसऱ्यांदा निघाला," आणि गप्प बसा. लांबण लावली की खोटं वाटतं.

प्रोजेक्ट: एकच, पण तळापर्यंत

इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात. कारण उघड आहे, प्रोजेक्ट विकत घेतलेला असतो. पेरणी यंत्र, गवत कापणी यंत्र, सोलरवरचा फवारणी पंप. दरवर्षी तेच फिरत असतं. विकत घेतला असेल तर आता पाप फेडा: तो खोला, प्रत्येक भागाला "हाच का? एवढाच का?" असं विचारा, आणि उत्तर वहीत लिहा.

समजा बॅटरीवर चालणारं पेरणी यंत्र आहे. बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर. म्हणजे ८४ वॉट-अवर. मोटार ६० वॉटची, तर कागदावर ती १.४ तास चालेल. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही, चिखलात भार वाढतो, म्हणून तासभरही धड नाही. एका चार्जिंगमध्ये किती गुंठे पेरून होईल? दोन ओळींतलं अंतर किती धरलं, सोयाबीनसाठी की हरभऱ्यासाठी? बी फुटतंय का? बैलाच्या पाभरीपेक्षा हे यंत्र कुठे कमी पडतं? शेवटचा प्रश्न तुम्ही स्वतःहून उचललात तर पॅनेलचे कान टवकारतात. आपल्या प्रोजेक्टची खोट सांगणारा पोरगा आम्हाला महिन्यात एखादाच भेटतो.

ग्रुपचा प्रोजेक्ट असेल तर "आम्ही" कुठे आणि "मी" कुठे, हे ठरवून जा. "तुम्ही स्वतः काय केलंत?" हा प्रश्न शंभर टक्के येतो. वेल्डिंग मित्रानं केलं आणि तुम्ही लोखंड आणायला बाजारात गेला होतात, तर तेच सांगा, पण अँगल किती जाडीचा आणला, काय भावानं आणि तोच का, हे माहीत असू द्या.

बेसिक्स, घरातून सुरू करून

आता मोटारीचं उत्तर. सेंट्रिफ्युगल पंपाचा इंपेलर (आतलं फिरणारं पात्यांचं चाक) जे भरलेलं असेल तेच फेकतो. आत हवा असेल तर तो हवा फेकेल. हवा पाण्याच्या सुमारे आठशेव्या हिश्श्याइतकी हलकी, त्यामुळे इंपेलरच्या मध्यावर तयार होणारी पोकळी इतकी किरकोळ असते की विहिरीतलं पाणी वर ढकललंच जात नाही. पाणी भरलं की तीच गती पुरेशी पोकळी तयार करते. खालचा फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या टोकाची झडप) गळत असेल तर पाणी उतरून जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी. पुढचा प्रश्न हमखास येतो: पंप पाण्यापासून किती उंच ठेवता येईल? वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०.३ मीटर पाणी उचलतो. संभाजीनगर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, म्हणून इथे साधारण पावणेदहा. आणि पाइपातलं घर्षण वगैरे वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटर. म्हणूनच बोअरला सबमर्सिबल लागतो: पाणी ओढण्यापेक्षा खालून ढकलणं भाग पडतं. एवढं सांगितलंत की फ्लुइड मेकॅनिक्सचं अर्धं पुस्तक झालं.

इलेक्ट्रिकलवाल्यांची मोटारही तीच, फक्त ती जळते तेव्हाची. डीपीवर एक फेज गेला आणि मोटार चालूच राहिली, तर उरलेल्या दोन फेजांतून जास्त करंट जातो, टॉर्क पडतो, वाइंडिंग तापतं. घरी वडिलांनी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर का बसवला, हे सांगता आलं पाहिजे. स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटार सुरू होताना करंट कमी ठेवणारा: स्टारमध्ये वाइंडिंगवरचा व्होल्टेज ३च्या वर्गमूळानं घटतो, लाइनचा करंट एक-तृतीयांश होतो, आणि टॉर्कही एक-तृतीयांश. टॉर्कचा भाग पोरं विसरतात, आणि नेमका तोच विचारतात: "मग भरलेला कन्व्हेयर स्टारमध्ये सुरू होईल का?" पाच एचपीची मोटार किती अँपिअर घेते, याचा हिशोब कागदावर करून पाहा, ४१५ व्होल्टला साडेसातच्या जवळपास येतं. त्याबरोबर पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) एक साधा लॅडर, म्हणजे शिडीसारखं सर्किटचं चित्र, हातानं काढता आला पाहिजे: स्टार्ट, स्टॉप, होल्डिंग कॉन्टॅक्ट.

सिव्हिलवाल्यांच्या तर पायाखालीच उत्तर आहे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात. मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आक्रसतं. त्यावर उथळ पाया घातलेल्या घराच्या भिंती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या तडकतात. उपाय काय? ओलावा ज्या खोलीपर्यंत बदलतो त्याखाली पाया नेणं, काळी माती काढून मुरूम भरणं, किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगवटा असलेले जमिनीतले खांब). मग येतात एम२० (काँक्रीटचा ग्रेड) आणि क्यूब टेस्ट (काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडायची चाचणी). १५० मिलिमीटरच्या क्यूबवर २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर म्हणजे ४५० किलोन्यूटन. साइटवर मशीनचा काटा कुठपर्यंत जायला हवा, हे चटकन सांगता आलं की समजतं, या माणसानं टेस्ट पाहिलेली आहे.

जालन्याच्या मिलमध्ये जाणार असाल तर सळईवरचे आकडे वाचायला शिका. एफई ५००डी मधला ५०० म्हणजे यील्ड स्ट्रेंथ (सळई कायमची ताणली जायला लागते तो ताण) मेगापास्कलमध्ये, डी म्हणजे डक्टिलिटी (न तुटता ताणलं जाणं). ५०० ला किमान १२ टक्के इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबण), ५००डीला १६. मिलमधून निघालेल्या लालभडक सळईवर पाणी मारलं की बाहेरचा थर मार्टेन्साइट (फार कडक पोलाद) होतो आणि आतली उष्णता बाहेर येऊन त्यालाच टेंपर करते. आत मऊ फेराइट-पर्लाइट राहतं. १२ एमएमच्या मीटरभर सळईचं वजन किती? व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे ०.८८९ किलो. हे गवंड्यालाही येतं, इंजिनिअरला न येणं वाईट दिसतं.

वाळूजच्या मशीन शॉपसाठी मोजमाप पक्कं हवं. मी स्वतः क्वालिटीचा, म्हणून इथे जरा रेंगाळतो. माझा आवडता प्रश्न: "ड्रॉइंगवर २५ एच७ चं भोक आहे. कशानं मोजाल?" दहापैकी आठ जण म्हणतात व्हर्नियर. एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर, सगळी सूट २१ मायक्रॉनची. व्हर्नियरचा लीस्ट काउंटच (त्यावर वाचता येणारं सगळ्यात बारीक माप) २० मायक्रॉन. काट्यावर पोतं तोलायचं आणि त्याच काट्यावर सोनं, असा प्रकार. एक मायक्रॉनचं डायल असलेला बोअर गेज घ्यायचा, किंवा उत्पादन मोठं असेल तर प्लग गेज. मग लगेच: "प्लग गेजची गो बाजू किती मापाची?" इथे गोंधळ होतो. गो बाजू लहान मापाची, २५.०००, ती गेली पाहिजे. नो-गो २५.०२१ची, ती जाता कामा नये. त्यात जी६ ची शाफ्ट बसवली, म्हणजे २४.९८० ते २४.९९३, तर कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन मोकळीक राहते. हे एकदा कागदावर काढून पाहा, जन्मात विसरणार नाही.

सीएनसीचे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे) चार-पाच कोड यायला हवेत: जी०० जलद, जी०१ कापत सरळ, जी०२ घड्याळाच्या दिशेनं गोल, जी०३ उलट, एम०३ स्पिंडल चालू, एम३० प्रोग्रॅम संपला. फाइव्ह-एसची (कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीची) जपानी नावं पाठ नसली तरी चालेल, पण तुमच्या ट्रेनिंगच्या कंपनीत ते कुठे दिसलं ते सांगा. ओईई (मशीनच्या वेळेचा किती टक्के खरा उपयोग झाला) मात्र हातानं काढता यावा. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहा ३० वजा, उरले ४५०. ब्रेकडाउन आणि सेटिंगला ४५ गेले, मशीन चाललं ४०५ मिनिटं. मिनिटाला एक जॉब निघायला हवा, निघाले ३६०, त्यातले ९ रिजेक्ट. चांगले ३५१ भागिले ४५०: ७८ टक्के. वेळ, वेग आणि दर्जा हे तिन्ही भाग वेगळे काढून गुणले तरी तेवढंच येतं, करून पाहा.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी थोडक्यात, कारण माझं ते रान नाही. पुण्यातले मित्र सांगतात की एक भाषा नीट, एसक्यूएलचे जॉइन, आणि कागदावर एखादा लूप चालवून दाखवता येणं, एवढ्यावर फ्रेशरची पहिली फेरी निघते. ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल तर गावात बसून देऊ नका. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. तालुक्याला मित्राच्या खोलीवर जा, दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटला तयार ठेवा आणि मागे भिंत ठेवा, कपाट नको.

लेखी अॅप्टिट्यूडसाठी वेळ, काम आणि वेग, टक्केवारी, गुणोत्तर असा रोज अर्धा तास पुरतो.

इंग्रजीचं काय

वाळूजच्या शॉपमध्ये दिवसभर मराठी आणि हिंदी चालते, पण ग्राहकाला पाठवायचा रिपोर्ट इंग्रजीत असतो. म्हणून दोन्ही तपासतात. "स्वतःबद्दल सांगा" हे दीड मिनिटाचं इंग्रजीत तयार ठेवा: गाव, शिक्षण, प्रोजेक्ट, इथे का आलात. वडिलांचा व्यवसाय शेती असेल तर तो सांगा, पण घरच्या गरिबीची करुण कहाणी नको. पाठ करू नका. पाठ केलेलं आहे हे तिसऱ्या वाक्याला कळतं. मग तांत्रिक प्रश्न आला आणि अडखळू लागलात तर सरळ विचारा, "सर, हे मराठीत सांगू का?" मी तरी अजून कुणाला नाही म्हटलेलं नाही. आणि परभणी-लातूरचा हेल आला तर येऊ द्या. पॅनेलवरची अर्धी माणसं तिकडचीच असतात.

आदल्या दिवशी आणि त्या दिवशी

कॉल लेटरवरचा प्लॉट नंबर आणि सेक्टर आदल्या दिवशी नकाशावर शोधा. वाळूज एमआयडीसी अफाट आहे. बजाजनगरला उतरून एम सेक्टर शोधत घामाघूम झालेले पोरं मी दर वेळी गेटवर पाहतो. आणि कुणी "पंढरपूरला उतर" म्हणालं तर गोंधळू नका, वाळूजमध्येच एक पंढरपूर आहे, आषाढीला तिथेही मोठी गर्दी होते. शहरातून जाणार असाल तर बाबा पेट्रोल पंपावरून गाडी मिळते; शिफ्ट सुटायच्या वेळेचा रस्ता टाळा. लांबून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीच मित्राच्या खोलीवर यावं. पहाटेच्या एसटीनं येऊन झोपाळलेल्या डोळ्यांनी ड्रॉइंग वाचता येत नाही.

फिक्या रंगाचा इस्त्रीचा शर्ट, गडद पँट, पॉलिश केलेले बंद बूट. मुलींना साधा पंजाबी ड्रेस किंवा शर्ट-पँट, पण सँडल नको, कारण शॉपवर नेण्याची शक्यता असते. फाइलमध्ये सगळ्या सेमिस्टरच्या मार्कलिस्ट, आधार, पॅन, फोटो, बायोडाट्याच्या चार प्रती, साधं कॅल्क्युलेटर, दोन पेन. मूळ कागद दाखवायचे, देऊन यायचे नाहीत.

खोलीत

प्रश्न पूर्ण ऐका. उत्तर येत असेल तर आधी एका वाक्यात उत्तर, मग कारण, मग कुठे पाहिलं ते. बोलता बोलता चित्र काढता आलं तर कागद मागा. इंजिनिअरच्या हातात पेन आलं की त्याची भीती निम्मी होते, समोरच्यालाही बरं वाटतं.

येत नसेल तर? "माहीत नाही सर" हे पूर्ण उत्तर आहे, पण त्याच्यापुढे एक पायरी चढता आली तर बघा. "कॅव्हिटेशनची व्याख्या आठवत नाही, पण आमच्या गावच्या लिफ्ट इरिगेशनचा पंप खडखडायचा आणि इंपेलरला खड्डे पडलेले मी पाहिलेत." या उत्तराला मी व्याख्येपेक्षा जास्त मार्क देतो. थापा मात्र मारू नका. आम्ही मुद्दाम खोटं नाव घेऊन विचारतो कधीकधी, आणि पोरगं त्या नसलेल्या यंत्राचं कार्य समजावून सांगतं.

शॉपवर नेलं तर पिवळ्या पट्टीच्या आतून चाला, कशाला हात लावू नका, मोबाइल खिशात. नजर उघडी ठेवा. मग एखादा प्रश्न तुमच्याकडून जाऊ द्या: "या लाइनचा सायकल टाइम किती आहे सर?" किंवा "रिजेक्शन सगळ्यात जास्त कुठे येतं?" उत्तर देताना साहेब खुलतात.

एचआर आणि पैसे

तीन शिफ्ट चालतील का, पुण्याला किंवा दुसऱ्या राज्यात जाल का, हे ठरवूनच आत जा. घरी विचारून सांगतो, हे तिथे बसत नाही. स्थानिक पोरांना एक खास प्रश्न असतो: "पोळा, काढणी, भावकीतली लग्नं, सुट्ट्या किती घेणार?" हसून सोडायचा प्रश्न नाही हा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत लाइनवर माणसं कमी पडतात हे आम्ही दरवर्षी भोगतो. खरं काय ते सांगा.

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. वर्षाला ३ लाख म्हटलं तर महिन्याला २५,००० होतात. बेसिक १२,५०० धरलं तर कंपनीचा पीएफ वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्यातूनच वजा. राहिले साधारण २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००; एवढ्या पगारावर मुलींना तो लागत नाही) गेला की हातात २१,२००च्या आसपास. त्यात बस आणि कँटीनची कपात असेल, बोनस सीटीसीत धरलेला असेल, तर आणखी कमी. म्हणून "इन हँड किती येतील?" आणि "ओव्हरटाइम मिळतो का?" हे नीट विचारा. विचारल्यानं नोकरी जात नाही. पेरोल कंपनीचा की ठेकेदाराचा, हेही याच वेळी विचारायचं. बॉण्ड असेल तर किती वर्षांचा, किती रकमेचा, सोडताना काय भरावं लागेल, हे वाचून सही करा. "घरी नेऊन वाचतो, उद्या आणतो" म्हणायला हरकत नाही.

कुणी नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच उठा. ट्रेनिंग किट, सिक्युरिटी डिपॉझिट, मेडिकलचे आगाऊ, नावं वेगवेगळी असतात. २००९ मध्ये मी स्वतः एका कन्सल्टन्सीला पाचशे रुपये देऊन बसलो. आठवड्यानं गेलो तर शटर बंद आणि पायरीवर माझ्यासारखेच सहा जण. त्यातला एक आज माझ्याच कंपनीत डिस्पॅचला आहे.

नंतर

संध्याकाळी घरी गेल्यावर न आलेले प्रश्न वहीत लिहा. वाळूजमधल्या दहा कंपन्यांत मिळून प्रश्न तेच पन्नास-साठ फिरतात. चौथ्या-पाचव्या इंटरव्ह्यूला तुमची वहीच तुम्हाला तारते. आठ-दहा दिवसांत फोन नाही आला तर एक ईमेल, एक फोन. त्याहून जास्त नको.

निवड झाली तर तोंडी शब्दावर हातातलं काम सोडू नका. तारीख, हुद्दा आणि पगाराचे भाग लिहिलेलं ऑफर लेटर आधी. मग मेडिकल: डोळे, रंग ओळखण्याची चाचणी, कान, छातीचा एक्स-रे. चष्मा असेल तर घालूनच जा. पीएफचा फॉर्म भरताना आधीचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असेल तर तोच द्या, वारसदाराचं नाव आणि बँकेतलं नाव आधारशी जुळतंय का ते पाहा. एका अक्षराच्या फरकानं पुढे फार चकरा होतात. बजाजनगरला खोली बघताना शिफ्टचा विचार करा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायचं असतं, आणि पत्र्याची खोली मे महिन्यात अकरा वाजताच तापते. खाली तळमजल्यावरची मिळाली तर दोन-तीनशे जास्त द्या, पण तीच घ्या.